शेवटची ओळ कोणी कापली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लालबागच्या तुमच्या मंडळाच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहायचं काम तुमच्याकडे आहे. या महिन्यात तुम्ही 'जे कधीच होत नाही' अशा धाटणीची वचनं घेतलीत, आयुष्याबद्दलची, राजकारणाबद्दलची, सत्याबद्दलची. 'सर्व लोकांना सर्वकाळ फसवता येत नाही' हे लिंकनच्या नावावर लिहिलंत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातच अडवलं : 'पुरावा दाखव.' आता तुम्ही विचारताय की यातली खरी कोणती, बनावट कशी ओळखायची आणि फळ्यावर लिहावं तरी काय.

आजोबांचं आधी सांगतो. त्यांचं बरोबर आहे. लिंकन १८६५ साली गेले. ते जिवंत असताना त्यांच्या तोंडी हे वाक्य कोणी छापल्याचा पुरावा मिळत नाही, आणि त्यांच्या नावावर ते दिसायला लागतं ते वीसेक वर्षांनंतर. वाक्य चांगलं आहे, लिहा. फक्त खाली लिंकन लिहू नका.

पण मला विचाराल तर खोटं नाव हा या वचनांचा लहान आजार आहे. मोठा आजार वेगळाच, आणि तो मी स्वतःच्या हाताने पसरवलेला आहे.

एका मराठी दैनिकात मी एकतीस वर्षं काढली. आधी मुद्रितशोधक, मग रात्रपाळीचा उपसंपादक. बाहेरच्या लोकांना वाटतं सुविचार म्हणजे काहीतरी पवित्र गोष्ट. आमच्याकडे तो जागा भरायचा माल होता. रात्री साडेबाराला पान सोडायचं असायचं, स्तंभाच्या तळाशी बोटभर पांढरं उरायचं आणि पेस्टिंगवाला ओरडायचा, "साहेब, तीन ओळींचं काहीतरी द्या." त्या काळी मजकूर ब्रोमाइडच्या लांब पट्ट्यांवर यायचा. त्या ब्लेडने कापून पानावर चिकटवायच्या. सुविचारांची एक पट्टी टेबलाच्या खणात तयारच असे. जागा कमी पडली की ब्लेड चालायचं, आणि ते नेहमी खालून चालायचं. वरून कोण कापणार?

दहावीच्या निकालाची पुरवणी होती. पहिल्या पानावर चौकटीत मी चार ओळींचा श्लोक दिला होता, तुम्हालाही पाठ असेल :

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे

चौकटीत दोनच ओळी मावत होत्या. पेस्टिंगवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "खालच्या दोन उडव." दुसऱ्या दिवशी दुपारी घरी फोन. गिरगावातले एक निवृत्त शिक्षक. आवाज शांत. "वाळूच्या श्लोकाची शेवटची ओळ वाचलीत का हो तुम्ही?" मी वाचली नव्हती. म्हणजे डोळ्यांखालून गेली होती, वाचली नव्हती. त्यांनी मला पूर्ण श्लोक फोनवर म्हणून दाखवला :

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे
तृषार्ताची तृष्णा मृगजळ पिऊनीही वितळे
सशाचेही लाधे विपिन फिरता शृंगही जरी
परंतू मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी

भर्तृहरीच्या नीतिशतकातला हा श्लोक वामन पंडितांनी सतराव्या शतकात मराठीत आणला. कवी म्हणतो ते असं : एखाद वेळी वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडताना सशाचं शिंगसुद्धा सापडेल, पण हट्टी मूर्खाची समजूत घालणं या जन्मी जमायचं नाही. म्हणजे वाळूचं तेल ही आशा नाहीच. ते अशक्याचं माप आहे, सशाच्या शिंगाच्या पंगतीला बसवलेलं. 'प्रयत्न करा, यश मिळेल' हे त्यात कुठेच नाही. आणि मी ते लाखभर मुलांच्या निकालावर छापलं होतं. शिक्षक एवढंच म्हणाले, "मुलांचं ठीक आहे हो, ती वाचत नाहीत."

तेव्हापासून मला एक खोड लागली. 'कधीच', 'कोणीच', 'नाहीच' असा शब्द आला की पुढची ओळ शोधायची. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, गांधींचं काही असलं तर गावदेवीच्या मणिभवनात. बहुतेक वेळा पुढची ओळ सापडते. आणि बहुतेक वेळा तिच्यातच खरा ऐवज असतो.

आयुष्याबद्दलचं सगळ्यात प्रसिद्ध मराठी 'कधीच नाही' घ्या. 'जगी सर्व सूखी असा कोण आहे, विचारी मना तूचि शोधूनि पाहे.' समर्थांच्या मनाच्या श्लोकांतला अकरावा. शोकसभेत, दहाव्याला, कोणाची नोकरी गेली तर, आपण हे पाठीवर हात ठेवल्यासारखं म्हणतो. आता पुढच्या दोन ओळी म्हणून बघा : 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त जाले.' सरळ अर्थ, तुझं तूच करून ठेवलंस, आता भोग. चंदनवाडीच्या स्मशानातल्या बाकावर बसलेल्या माणसाला हे ऐकवाल का? समर्थ समजूत घालत नव्हते, ते मनाचा हिशेब मागत होते. आपण अर्धा श्लोक उचलला आणि हिशेब तिथेच ठेवून आलो. मला यात फार वाईट वाटत नाही खरं तर. अर्धा श्लोक लोकांच्या कामी आला. पण फळ्यावर 'समर्थ रामदास' असं खाली लिहिणार असाल तर समर्थांना काय म्हणायचं होतं ते तुम्हाला तरी ठाऊक असावं.

इंग्रजांकडेही हेच. चर्चिलचं 'कधीही हार मानू नका' तुम्ही नक्की लिहिणार होतात, क्लासवाल्यांच्या प्रत्येक पत्रकावर असतं. दंतकथा अशी की चर्चिल व्यासपीठावर गेले, हे एवढंच वाक्य म्हणाले आणि खाली बसले. तसं काही झालं नाही. २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो या आपल्या जुन्या शाळेत त्यांनी चांगलं भाषण केलं. त्यात 'कधीच नाही' हा शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणाले, लहान गोष्टीत नाही, मोठ्या गोष्टीत नाही. पण त्याच वाक्याच्या शेपटाला त्यांनी अपवाद जोडला : सन्मान आणि शहाणपण माघार घ्यायला सांगत असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे माघार केव्हा घ्यायची तेही सांगितलं. पत्रकावर अपवादाला जागा नसते. इंग्रज इतिहासकार लॉर्ड अॅक्टन यांच्या वाक्याचंही असंच झालं. १८८७ मधल्या त्यांच्या पत्रात सत्तेचा 'कल' भ्रष्ट करण्याकडे असतो असं आहे. तो 'कल' गळला आणि उरलं 'सत्ता भ्रष्ट करतेच.' एक शब्द गळाला की मत गेलं आणि निकाल आला.

राजकारणाकडे वळू. इथे तुमच्या यादीत पहिलं वाक्य असणार ते मला न बघता माहीत आहे : 'राजकारणात कोणी कायमचा मित्र नसतो, कायमचा शत्रू नसतो.' २०१९चा नोव्हेंबर आठवा. पहाटेचा शपथविधी, मग काही दिवसांत शिवाजी पार्कवरचा दुसरा शपथविधी. त्या महिन्यात माझ्या टेबलावर आलेल्या निम्म्या विश्लेषणांची सुरुवात याच वाक्याने होती, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच सुचलं असं वाटत होतं. एकाने तर ते चाणक्याच्या नावावर दिलं होतं. चाणक्य हे आपल्याकडचं बेवारस वचनांचं अनाथालय आहे, कोणीही आणून सोडावं.

वाक्याचं मूळ बघा. १ मार्च १८४८, ब्रिटिश संसद, बोलणारे पामर्स्टन, त्या वेळचे परराष्ट्रमंत्री. विषय इंग्लंडचं परराष्ट्र धोरण. त्यांचं म्हणणं असं : आपले कोणी चिरंतन दोस्त नाहीत की कायमचे वैरी नाहीत, आपले हितसंबंध मात्र चिरंतन आहेत, आणि त्यांच्या मागे जाणं हे आपलं कर्तव्य आहे. एक देश दुसऱ्या देशांबद्दल बोलतोय. 'आपले' म्हणजे देशाचे. आपल्याकडे ते आलं तेव्हा दोन गोष्टी वाटेत पडल्या. देशाच्या जागी पक्ष आला, पुढाऱ्याचा जीव आला, आणि हितसंबंधांचं वाक्य अख्खं उडालं. पामर्स्टनच्या वाक्यात कायमचं काहीतरी होतं. आपल्या वाक्यात कायमचं काहीच नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. पक्ष बदलणाऱ्याला हे वाक्य म्हणजे धुतलेला सदरा. पूर्ण वाक्य म्हणायला लावलं तर पुढचा प्रश्न आपोआप येतो : बरं, मग कायमचं हित कोणतं, आणि ते कोणाचं?

गंमत म्हणजे तुकोबांकडे याच विषयावर ओळ आहे, 'चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती.' शत्रू मित्र होतो तो चित्त शुद्ध असेल तर. हे मी एकदा एका युतीच्या बातमीला उपशीर्षक म्हणून दिलं होतं. वृत्तसंपादकांनी हसत हसत काढलं.

आणि आपली म्हण, 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत'? तीन-तीन तलवारी राहताना आपण बघितल्या. म्यानाचं काय होतं हा वेगळा प्रश्न.

राजकारणावरचं एक तरी वचन पूर्ण लिहायचं असेल तर डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातून घ्या. राज्य सरकारने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या तेराव्या खंडात ते आहे. त्यातलं एक वाक्य तुम्ही शेकडो फ्लेक्सवर बघितलं असेल : संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट असतील तर ते वाईट ठरेल. इथेही ब्लेड चाललं आहे. लगेच पुढे ते म्हणतात, संविधान कितीही वाईट असलं तरी राबवणारे चांगले असतील तर ते चांगलं ठरू शकेल. पहिलं अर्धं एकटं ठेवलं तर रडगाणं होतं, दोन्ही मिळून जबाबदारी होते.

त्याच भाषणात एक अस्सल 'कधीच नाही' आहे. कोणताही पुरुष आपल्या सन्मानाची, कोणतीही स्त्री आपल्या शीलाची आणि कोणतंही राष्ट्र आपल्या स्वातंत्र्याची किंमत मोजून कृतज्ञ राहू शकत नाही. हे बाबासाहेबांच्या नावाने फिरतं. पण भाषण उघडून बघा. हे आयरिश देशभक्त डॅनियल ओ'कॉनेल यांचं म्हणणं असल्याचं ते तिथेच, सभागृहात, नाव घेऊन सांगतात. त्याच्या आधी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देतात, तोही नावासकट. मग स्वतःचं म्हणणं येतं : धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र भक्ती, विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. दुसऱ्याचं कुठे संपलं आणि स्वतःचं कुठे सुरू झालं याची शिवण त्यांनी दिसू दिली. ज्या भाषणात विभूतिपूजेबद्दल इशारा आहे त्यातलंच उसनं वाक्य आपण त्यांचं म्हणून पूजतो, यावर मी काही बोलत नाही.

आता सत्य. 'सत्य कधीच हरत नाही.' खाली सिंहांचं चित्र, सत्यमेव जयते. हे मुंडकोपनिषदातलं, तिसऱ्या मुंडकाच्या पहिल्या खंडातला सहावा मंत्र. पुढे 'नानृतम्' आहे, खोटं जिंकत नाही. आणि त्याही पुढे आहे की सत्यानेच देवयान नावाचा मार्ग पसरला आहे, ज्याने इच्छा तृप्त झालेले ऋषी सत्याच्या परम स्थानी पोचतात. इच्छा तृप्त झालेले. निवडणुकीतला उमेदवार, कोर्टातला पक्षकार, सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहिलेले तुमचे खजिनदार यांच्यापैकी कोणी त्यात बसतं का बघा. मंत्र खोटा नाही, पण मतमोजणी किती वाजता संपेल ते तो सांगत नाही. आपण त्याला तारीख लावतो.

सत्य हरत नाही की हरतं हे बघायचं असेल तर उच्च न्यायालयाच्या जुन्या इमारतीत जा. मी कोर्टाच्या बातम्या करणाऱ्या सहकाऱ्याबरोबर पहिल्यांदा गेलो होतो. मध्यवर्ती न्यायदालनाबाहेर, दालन क्रमांक ४६, भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. येणारे-जाणारे वकील फाइली सावरत तिच्यासमोरून जातात, क्वचित कोणी थांबतं. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला याच दालनात चालला. त्या लेखांतल्या एकाचं नाव 'हे उपाय टिकाऊ नाहीत.' २२ जुलैला रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला, दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, आणि टिळक मंडालेला गेले. याच दावरांनी १८९७च्या खटल्यात बॅरिस्टर म्हणून टिळकांचा जामीन मिळवून दिला होता, हे जाता जाता. शिक्षेआधी काही सांगायचं आहे का असं विचारल्यावर टिळक जे बोलले ते पाटीवर कोरलं आहे. त्याचा सारांश : ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे. माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत. मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या यातनांनीच माझं कार्य वाढावं अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल.

पाटी बसली १९५६ साली, मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. टिळकांना जाऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. आता सांगा, सत्य हरलं की जिंकलं? त्या रात्री सात विरुद्ध दोन हरलं. आणि टिळकांनी स्वतः काय म्हटलं ते नीट वाचा. 'सत्य कधी हरत नाही' असं ते कुठेच म्हणत नाहीत. मी निर्दोष आहे असं म्हणतात, ठामपणे. पुढच्याला 'कदाचित' लावतात. इतक्या मोठ्या माणसाने इतक्या वाईट रात्री 'कदाचित' जपून ठेवला, आणि आपण फळ्यावर 'कधीच' लिहून मोकळे.

'खोटं जगाला अर्धी फेरी मारून येतं तोवर सत्य चपला घालत असतं.' हे मार्क ट्वेनचं म्हणून फिरतं, त्यांचं असल्याचा पुरावा नाही. त्याच आशयाचं जुनं वाक्य 'गलिव्हर'वाल्या जोनाथन स्विफ्टचं आहे, १७१० मधलं : खोटं उडत जातं आणि सत्य त्याच्या मागून लंगडत येतं. मला स्विफ्टचं जास्त आवडतं. त्यात सत्य निदान वाटेला तरी लागलेलं आहे.

बनावट कसं ओळखायचं, तर मी तीन-चार गोष्टी बघतो. नाव आहे पण गाव नाही, साल नाही, कोणासमोर म्हटलं ते नाही, असं वचन संशयित. परदेशी माणसाच्या वचनात मराठी यमक जुळत असेल तर तो माणूस परदेशी नसणार. 'तुका म्हणे' असूनही ओवी-अभंगाची चाल लागत नसेल तर गाथा उघडा, बहुधा सापडणार नाही. गांधींच्या समग्र वाङ्मयाची इंग्रजी मालिका शंभर खंडांची आहे, त्यांच्या नावाचं वचन आधी तिच्यात शोधा. 'आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात' हे त्यांच्या नावावरचं लाडकं वाक्य, पण त्याच्या अगदी जवळचं भाषण १९१८ साली अमेरिकेत शिवणकामगारांच्या अधिवेशनात निकोलस क्लाइन या माणसाने केलेलं आहे. आणि शेवटचं, वचन फारच सोयीचं वाटलं, ज्याला ऐकवायचं त्याच्या मापाचं शिवल्यासारखं, तर ते बहुधा कोणीतरी नुकतंच शिवलेलं असतं.

एवढी उस्तवार नको असेल तर म्हणी लिहा. म्हणीला धनी नसतो, त्यामुळे आजोबा जिन्यात अडवत नाहीत. आणि 'कधीच नाही'चा खजिना तिथेच आहे. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सत्यावर हवी असेल तर 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही', याच्यापुढे मला कुठल्याही भाषेतलं वचन फिकं वाटतं. त्यात सत्य जिंकत नाही, हरत नाही. ते फक्त उजाडतं, आणि टोपली घेऊन उभा असलेला माणूस तेवढा दिसतो. या म्हणी लहान असतात म्हणून त्यांच्यावर ब्लेड चालत नाही, हाही फायदा.

नावासकट एकच लिहायचं असेल तर तुकोबांचं लिहा : 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' यात जगात काय कधीच होत नाही याची फुशारकी नाही. मी काय केलं नाही, एवढंच आहे.

पण उद्यासाठी माझी एक विनंती आहे, जुनं देणं समजा. उद्या वामन पंडितांचा तो श्लोक लिहा, चारही ओळी. फळ्यावर जागा पुरणार नाही, मला माहीत आहे, खालच्या अर्ध्या भागात वर्गणीची यादी असते. यादी पुसा.